दोन बालद्या आणि एक लाकडी कडं : सफोकच्या खेड्यातल्या आठवणी

सफोककर

'इंग्लंडमधलं खेडं' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गवताचं छप्पर, दारापुढे गुलाब आणि चर्चची घंटा एवढंच येतं. मीही तेच चित्र मनात घेऊन २२ वर्षांपूर्वी इथे, पूर्वेकडच्या सफोक परगण्यातल्या एका लहान गावात राहायला आले.

माझ्या शेजारच्या आजींचा जन्म १९३५ चा. त्या याच गावात वाढल्या, लग्न होऊन तीन मैलांवरच्या गावी गेल्या आणि एकट्या पडल्यावर परत इथे आल्या. दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला जाते. मागच्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरचा पाइप फुटला आणि दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "दोनच दिवस ना? मी अठरा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात नळच नव्हता."

मी माणदेशातली. आईच्या डोक्यावरची घागर बघत वाढलेली. पण १९५३ साली विलायतेतली बाई विहिरीवरून पाणी वाहत होती, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एक वही केली. आजी सांगतात, मी घरी येऊन लिहून ठेवते. त्यातलं काही इथे देते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव, गाव मात्र लिहीत नाही.

विहीर घरापासून दोनशे पावलांवर, चार घरांत मिळून एक. उन्हाळ्यात ती तळाला गेली की शेतापलीकडच्या तळ्याचं पाणी आणायचं, फडक्यातून गाळायचं, उकळायचं. मोठी माणसं खांद्यावर लाकडी जू घेऊन दोन बाजूंना दोन बालद्या लावत, म्हणजे आपली कावडच. मुलांना ते जू पेलायचं नाही. त्यांच्यासाठी पिंपाच्या पट्टीसारखं गोल लाकडी कडं असायचं. भरलेल्या दोन बालद्या शेजारी ठेवायच्या, कडं त्यांच्यावर आडवं टाकायचं, आपण त्या कड्यात उभं राहायचं आणि बाहेरच्या बाजूने बालद्या उचलायच्या. कडं मधे असलं की बालद्या पायांवर आपटत नाहीत, पाणी हिंदकळून मोजे भिजत नाहीत. हे सांगताना आजी खुर्चीतून उठल्या, हात दोन्ही बाजूंना ताठ केले आणि चार पावलं चालून दाखवली. नव्वदीच्या बाईची ती चाल आठ वर्षांच्या मुलीची होती. पाय फाकलेले, नजर जमिनीवर. शाळेच्या आधी अशा दोन खेपा, आणि सोमवारी पाच.

सोमवार धुण्याचा. मागच्या खोलीत विटांच्या चुलवणात एक मोठं हंड्यासारखं भांडं कायमचं बसवलेलं असायचं, खाली जाळ. पहाटे पाचला आई ते भरून पेटवायची. चादरी उकळायच्या, लाकडी दांड्याने ढवळायच्या, मग दोन रुळांच्या यंत्रातून पिळून काढायच्या. शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी. मी म्हटलं, नीळ? आमच्याकडेही रविवारी शाळेचे सदरे निळीत निघायचे! आजी इतक्या हसल्या. रात्री त्यांना अंगाला लावायला तेच कोमट, साबणाचं पाणी उरायचं. आंघोळ शनिवारी, स्वयंपाकघरात शेगडीपुढे पत्र्याच्या टबात, आणि एकाच पाण्यात सगळी भावंडं एकामागून एक. संडास बागेच्या टोकाला, लाकडी फळीखाली बालदी. ती वडील दर शुक्रवारी रात्री बागेत खड्डा करून पुरायचे.

१९४४ साली ग्रामीण पाणीपुरवठ्याचा कायदा झाला, इंग्लंड आणि वेल्ससाठी १.५ कोटी पौंडांची तरतूद झाली. पण नळ खेडोपाडी पोचायला पुढची कित्येक वर्षं गेली. आजींच्या घरात तो आला १९५३ च्या शरद ऋतूत. वीज त्यानंतर वर्षाने.

शाळा एका खोलीची, मधे लोखंडी शेगडी. हॅल्स्टेड गावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या शेगडीवर कासवाचं चित्र असायचं आणि खाली 'सावकाश पण नक्की' असं ब्रीद. वाचायला शिकल्यावर आजींनी बाहेरच्या जगात वाचलेली पहिली अक्षरं ती. १९४६ पासून शाळेत प्रत्येक मुलाला रोज तृतीयांश पाइंट दूध फुकट मिळायला लागलं. थंडीत बाटलीतलं दूध गोठून वर यायचं आणि पुठ्ठ्याचं झाकण टोपीसारखं उचललेलं असायचं. मग बाटल्या शेगडीभोवती मांडायच्या. त्या झाकणांना मधे भोक असायचं. दोन झाकणं जोडून त्यांवर लोकर गुंडाळून गोंडे करायचे. आजींच्या शिवणाच्या डब्यात असं एक झाकण अजून आहे. मी हातात घेतलं. दुधाचा वास कधीच गेलाय, पण कडेला दातांच्या खुणा आहेत.

आणि १९४७ चा हिवाळा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत देशात कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. गावाचा रस्ता दोन्हीकडच्या कुंपणांच्या उंचीपर्यंत भरला. तो मोकळा करायला जर्मन युद्धकैदी आले. लढाई संपून दोन वर्षं होत आली तरी त्यांतले बरेच अजून इथल्या शेतांवर राबत होते, शेवटचे १९४८ मध्ये घरी गेले. त्यांतल्या एकाने आजींच्या धाकट्या भावाला लाकडाच्या कोंबड्यांचं खेळणं करून दिलं होतं. फळीवर बसवलेल्या चार कोंबड्या, खाली दोरीला वजन. वजन फिरवलं की आळीपाळीने दाणे टिपायच्या. आजींचा काका लढाईत मारला गेला होता. आईने त्या कैद्याला घरात घेतलं नाही, पण दारात उभं करून कपभर चहा रोज दिला. "साखर घालून," आजींनी मुद्दाम सांगितलं. तेव्हा साखर माणशी आठवड्याला पावशेराच्या आसपास मिळायची.

वडिलांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. ते लिहायला मला जरा वेळ लागणार आहे.

अबोली

फार सुंदर लिहिलंय. कड्याचं वर्णन वाचून मी घरातल्या दोन बालद्या घेऊन करून बघितलं. कडं नव्हतं, तर पोटऱ्या भिजल्याच.

एक विचारते. लढाई १९४५ ला संपली, इंग्लंड जिंकलं, मग साखर अजून मोजून का? माझी समजूत होती की रेशन फक्त लढाईपुरतं होतं.

सफोककर

अबोली, माझीही तीच समजूत होती. उलट पाव लढाईत रेशनवर नव्हताच, तो आला १९४६ च्या जुलैत आणि दोन वर्षं राहिला. देश कर्जात बुडालेला, धान्य युरोपातल्या उपाशी लोकांसाठीही लागत होतं. कपड्यांचं रेशन १९४९ पर्यंत, मांसाचं अगदी १९५४ च्या जुलैपर्यंत. चॉकलेट-गोळ्यांची गंमत आजी सांगतात: १९४९ च्या एप्रिलमध्ये त्या मोकळ्या केल्या, तर दुकानं अशी रिकामी झाली की ऑगस्टमध्ये पुन्हा कुपनं लागू. कायमच्या सुटल्या फेब्रुवारी १९५३ मध्ये. आजी तेव्हा कामाला लागलेल्या होत्या. पगारातून पहिल्यांदा पाव पौंड गोळ्या कुपनाशिवाय घेतल्या आणि त्या खायच्याऐवजी काचेच्या बरणीत ठेवून खिडकीत बघत बसल्या.

पण खेड्यातल्या माणसांचं शहरापेक्षा बरं चालायचं, हेही त्या कबूल करतात. बाग होती, ससे होते, घरामागे डुक्कर होतं.

पाऊलखुणा

डुक्कर वाचलं आणि लिहायला बसले. माझे वडील सातारचे, डॉक्टर. १९६५ साली लिंकनशरमधल्या एका खेडेगावच्या दवाखान्यात रुजू झाले. मी तिथेच जन्मले. तेव्हा घरोघरी डुक्कर पाळणं संपत आलं होतं, पण चार-दोन घरांत चालू होतं. थंडीत डुक्कर कापलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना काळीज, कलेजी, थोडी चरबी अशी ताटली पाठवायची. पुढे त्यांच्या घरचं कापलं की ते पाठवणार. एक पाळी ठरलेली असायची, म्हणजे सगळ्यांना महिनोन्महिने ताजं मिळत राहायचं. आणि ताटली परत देताना धुवायची नाही! धुतली तर मांस नासतं असा समज.

आईला हे माहीत नव्हतं. आमच्याकडे मांस शिजत नव्हतं, पण डॉक्टरांच्या घरी ताटली आली. आईने ती दवाखान्यातल्या नर्सबाईंना दिली आणि ताटली घासूनपुसून, वर 'रिकामं भांडं परत देऊ नये' म्हणून चार बेसनाचे लाडू घालून परत केली. त्या घरच्या बाईंचा चेहरा बघून आई घाबरली. मग नर्सबाईंनी दोघींना एकमेकींची रीत समजावून सांगितली. पुढे अकरा वर्षं त्या घरून दर थंडीत ताटलीऐवजी सफरचंदं आली आणि इकडून लाडू गेले.

आणखी एक. बाबा सांगायचे, म्हातारी माणसं दुखणं अंगावर काढून अगदी शेवटी येत. ५ जुलै १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू होऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती, डॉक्टरला दाखवणं फुकट होतं, तरीही. त्याआधी मजुराचा स्वतःचा विमा असायचा, बायको-मुलांचा नाही. डॉक्टरला बोलावलं की बिल यायचं, ही भीती हाडात बसली होती. एक आजोबा बाबांकडे तपासायला आले की निघताना टेबलावर कोबीचा गड्डा ठेवून जायचे. बाबांनी तो कधी नाकारला नाही.

शेतकरीपुत्र

सफोककर, मला एक स्पष्ट विचारायचं आहे. या लोकांची जमीन किती होती? आमच्याकडे तीन एकरवालाही स्वतःला शेतकरी म्हणवतो. आजींचे वडील शेतकरी होते की मजूर? आणि राहतं घर कोणाचं?

सफोककर

शेतकरीपुत्र, नेमकं तेच लिहायचं राहिलं होतं. जमीन शून्य. वडील घोडेवान, म्हणजे आपल्या भाषेत सालगडी. घर मालकाचं, आणि नोकरी आहे तोवरच. नोकरी गेली, हातपाय मोडले, माणूस मेला, की घर खाली करायचं. या घरांना कायद्याचं बऱ्यापैकी संरक्षण मिळालं ते १९७६ साली. आजींच्या बालपणी एका शेजारणीचा नवरा मळणीच्या वेळी गंजीवरून पडून गेला. तिसऱ्या महिन्यात तिचं सामान हातगाडीवर होतं. त्या मालकाचं नाव आजी आजही घेत नाहीत, आणि त्याच्या वंशजांच्या दुकानातून काही विकतही घेत नाहीत.

आता वडिलांचं.

सफोकच्या घोड्यांची स्वतःची जात आहे, सफोक पंच. तांबूस रंगाचे, आखूड पायांचे, भरदार छातीचे. चिकणमातीत नांगर ओढायला त्यांच्यासारखा घोडा नाही. वडील पहाटे चारला उठून तबेल्यात जायचे, कारण कामाला जुंपण्याआधी घोड्याचं दोन तास सावकाश खाणं व्हायला हवं. साडेसहाला शेतात. नऊ इंचांचं तास धरून एक एकर नांगरायचा म्हणजे माणूस अकरा मैल चालतो. मी हिशोब करून बघितला, बरोबर येतो. ओल्या मातीत, नांगराच्या दांड्या सावरत अकरा मैल, आणि घरी आल्यावर आधी घोड्यांचं दाणापाणी, मग स्वतःचं.

त्यांच्याकडे तीन जनावरं होती. डायमंड, ड्यूक आणि डेप्पर नावाची घोडी. १९५१ च्या सप्टेंबरअखेर मालकाने करड्या रंगाचा लहान फर्ग्युसन ट्रॅक्टर घेतला. कॉव्हेंट्रीत दहा वर्षांत असे पाच लाखांहून जास्त तयार झाले, म्हणजे ही गोष्ट एकट्या आजींच्या घराची नाही. घोडे विकायचे ठरले. आदल्या रात्री वडील तबेल्यातच झोपले. सकाळी त्यांनी तिघांच्या शेपट्या विंचरून वेण्या घातल्या, जत्रेला घालतात तशा रंगीत गवताच्या. पितळी बिल्ले काढून खिशात ठेवले, कारण ते त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेले होते. गल्लीच्या फाटकापर्यंत घोड्यांना नेलं आणि दोरी दुसऱ्याच्या हातात दिली.

घरी येऊन ते बुटांसकट स्वयंपाकघरात बसले. आईचा नियम असा कडक की चिखलाचे बूट दाराबाहेर. फरशी ती गुडघ्यांवर बसून घासायची. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. बुटांभोवती पाणी साचलं, तेही पुसलं नाही. आजी तेव्हा सोळा वर्षांच्या. त्यांना वडिलांचा चेहरा आठवत नाही, ते बूट आठवतात.

घोडे कुठे गेले हे घरात कोणी विचारलं नाही. त्या वर्षांत शेतावरचे बहुतेक घोडे खाटकाकडेच जात होते. १९६६ मध्ये सफोक पंचची अख्ख्या वर्षात नऊ शिंगरं नोंदवली गेली. एवढी ती जात संपत आली होती. आता पुन्हा थोडीफार वाढते आहे.

वडील ट्रॅक्टर चालवायला शिकले, चांगला चालवायचे. पण वळणावर आला की घोड्याला थांबवताना म्हणतात तसं "व्हो" म्हणायचे, शेवटपर्यंत.

शेतकरीपुत्र

हे वाचून मी उठून गोठ्यात जाऊन आलो. आमचा शेवटचा बैल २०११ साली विकला. वडील बाजाराला आले नाहीत.

रुळांवरून

आजींच्या गावाला आगगाडी होती का? त्या भागात हॉले ते लॅक्सफील्ड अशी एक लहान लाइन होती, स्थानिक लोक तिला लाडाने 'मिडी' म्हणत. १९५२ च्या जुलैत बंद झाली. सगळे म्हणतात की खेड्यांतल्या गाड्या १९६३ च्या, लाइनी बंद करायला सांगणाऱ्या बीचिंग अहवालाने गेल्या, पण ही त्याच्या दहा वर्षं आधीच गेली.

सफोककर

हो, मिडीच! स्टेशन दोन मैलांवर. आजी म्हणतात, ड्रायव्हर ओळखीचा असला तर धावत येणारं माणूस दिसल्यावर थांबायचा. शेवटच्या दिवशी गर्दी इतकी झाली की आयुष्यात कधी तिकीट न काढलेली माणसंही चढली. आजींनी मात्र चढायचं नाही म्हटलं. त्या कुंपणाशी उभं राहून बघत होत्या. गाडी गेल्यावर इप्सविचला जायचं म्हणजे आठवड्यातून दोनदा येणारी बस, नाहीतर सायकल.

कृष्णाकाठची

सगळं वाचते आहे, दोनदा वाचलं. पण मला एक गोष्ट टोचते. आजींचं शिक्षण कुठवर झालं? तुम्ही म्हणता त्या सोळाव्या वर्षी घरी होत्या, अठराव्या वर्षी कामाला. इतकी लक्ष देऊन बघणारी, इतकं लक्षात ठेवणारी मुलगी.

सफोककर

कृष्णाकाठची, हा प्रश्न मी पण फार उशिरा विचारला.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने चांगल्या हायस्कुलांची फी गेली, आणि अकराव्या वर्षी एक परीक्षा ठरली. पास झालं तर ग्रामर स्कूल, नाहीतर साधी शाळा, आणि पंधराव्या वर्षी बाहेर. १९४६ मध्ये गावातल्या सात मुलांनी ती दिली. एकटी आजी पास झाली. मग शाळेकडून यादी आली: कोट, दोन झगे, विशिष्ट दुकानातलीच टोपी, हॉकीची काठी, घरात घालायचे वेगळे बूट. फी माफ, पण यादी माफ नव्हती. शिवाय कपड्यांची कुपनं, आणि घरात आणखी तीन मुलं. आईने यादी दोन रविवार चिमणीवरच्या फळीवर ठेवली. तिसऱ्या रविवारी ती तिथे नव्हती. कोणी काही बोललं नाही. आजी साध्या शाळेत गेल्या, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, आणि हिवाळ्यात आईबरोबर बीटच्या शेतात.

बीट म्हणजे साखरेचं. बरी सेंट एडमंड्सला १९२५ पासून साखर कारखाना आहे. तेव्हा सगळं हाताने. गोठलेल्या जमिनीतून दोन हातांनी दोन बीट उपटायचे, एकमेकांवर आपटून माती झाडायची, ओळीत टाकायचे. मग टोकाला अणकुचीदार चोच असलेल्या कोयत्याने उचलायचे आणि पाला छाटायचा. बायका कमरेला पोती बांधायच्या. नोव्हेंबर ते जानेवारी. शेतकरीपुत्र, तुमच्या भागातल्या तोडकऱ्यांचे हंगाम तुम्हाला आठवतील. आजींच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर नाही. तो कोयत्याचा घाव. मला २० वर्षं वाटत होतं की जन्मतःच तसं असेल.

अबोली

मला त्या यादीचा फार राग आला. आजींना येत नाही का राग?

सफोककर

गुरुवारी विचारलं, अबोली. तुमचं नाव सांगून विचारलं, की नाशिकची एक मुलगी विचारते आहे. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, आईवर कधीच नाही आला. टोपीवर येतो. अजूनही शहरात त्या शाळेच्या मुली दिसल्या की आधी टोपी आहे का ते बघते. आता टोपी नसते.

मग त्यांनीच विषय काढला, की तुझ्या माणसांनी पाण्याबद्दल काय विचारलं? मी सांगितलं, बालद्या उचलून बघितल्या आणि पोटऱ्या भिजवून घेतल्या. त्यांना फार आनंद झाला. म्हणाल्या, नळ आला त्या दिवशी आईने तो दहा वेळा उघडला आणि दहा वेळा बंद केला, आणि संध्याकाळी नेहमीसारखी बालदी भरून दारामागे ठेवली, वर ताटली झाकून. वडिलांनी विचारलं, कशाला? तर म्हणे, असू दे. १९७१ साली आई गेली, तेव्हाही दारामागे भरलेली बालदी होती.

निघताना त्या मला मागच्या छपरीत घेऊन गेल्या. भिंतीला खिळ्यावर ते कडं टांगलेलं आहे. एका जागी तडकलंय, तिथे तार गुंडाळली आहे. वडिलांनी गुंडाळलेली. मी ते खाली घेतलं, आणि आम्ही दोघींनी आळीपाळीने अंगणात नळावर बालद्या भरून दारापर्यंत एक-एक खेप केली. माझे मोजे भिजले. त्यांचे नाहीत.